शहर बस सर्वांसाठी मोफत करा, आणि एसटीला पैसे धावलेल्या किलोमीटरचे द्या

प्रति,
मा. नगराध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य, रत्नागिरी नगर परिषद,
मा. विभाग नियंत्रक, राज्य परिवहन, रत्नागिरी विभाग,
मा. सदस्य, जिल्हा नियोजन समिती, रत्नागिरी,
आणि शहरालगतच्या ग्रामपंचायतींचे सर्व सरपंच

सविनय नमस्कार.

रत्नागिरी शहरात आणि शहराला खेटून वाढलेल्या गावांत एसटी महामंडळाची जी शहर बससेवा चालते, तिचे तिकीट सर्व प्रवाशांसाठी बंद करावे आणि ही सेवा चालवण्याचा खर्च महामंडळाला विकलेल्या तिकिटांवर न मोजता प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरवर मोजून द्यावा, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मागणीचे हे दोन भाग कृपया एकत्रच वाचावेत. नुसते तिकीट बंद केले आणि खर्चाची सोय केली नाही, तर वर्षभरात गाड्या कमी होतील आणि मोफत प्रवासाचा हक्क थांब्यावर उभे राहण्यापुरताच उरेल. याउलट, खर्चाची सोय झाली पण तिकीट तसेच राहिले, तर ज्यांना बसची सर्वांत जास्त गरज आहे ती माणसे आज जशी बाहेर आहेत तशीच बाहेर राहतील.

मी एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि नाचण्याहून शहरात कामाला येण्यासाठी शहर बसच वापरते. त्यामुळे या प्रश्नाकडे प्रवासी म्हणून पाहते तशीच जमाखर्चाच्या अंगानेही पाहते, आणि दोन्ही बाजूंनी विचार केला तरी मी एकाच ठिकाणी येऊन पोचते.

आधी आपले शहर कसे आहे ते पाहू. २०११च्या जनगणनेत नगर परिषदेच्या हद्दीतली लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. पण शहर त्या हद्दीत मावत नाही, हे आपण सगळेच जाणतो. औद्योगिक वसाहत मिरजोळ्याला आहे, मत्स्य महाविद्यालय शिरगावला आहे, रेल्वे स्थानक सड्यावर आहे आणि नोकरदारांची नवी वस्ती नाचणे, कुवारबाव, खेडशी या बाजूंना वाढते आहे. बाजारपेठ, मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा हा भाग समुद्रसपाटीला, तर मारुती मंदिरापासून पुढचा भाग वर सड्यावर. म्हणजे येथे कुठेही जायचे तर चढ किंवा उतार आहेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात तो चढ छत्री धरून, हातात पिशवी आणि बरोबर मूल घेऊन चढायचा, म्हणजे काय ते सांगायला नको. कोकणातल्या कितीतरी घरांतला कमावता पुरुष मुंबईत किंवा बोटीवर असतो. घर, दवाखाना, बँक, शाळा, रेशन हे सगळे घरातल्या बाईच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर पडते. दुचाकी चालवणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत, याचा आनंदच आहे. पण ज्या घरात एकच दुचाकी आहे त्या घरात ती कोण घेऊन जाते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

अशा गावात बस चालते ती कोणत्या हिशेबावर? एसटीच्या कामकाजात भारमान हा शब्द रोजचा आहे. गाडीतल्या आसनांच्या तुलनेत किती उतारूंनी प्रवास केला आणि किलोमीटरमागे किती रुपये आले, यावर फेरी फायद्याची की तोट्याची ते ठरते. लांब पल्ल्याच्या गाडीला हा हिशेब काही प्रमाणात लागू पडतो. शहर बसला तो लावला की मात्र नुकसान होते, कारण शहर बसचा उतारू दोन-तीन किलोमीटरसाठी चढतो, सकाळी एकाच दिशेने जातो, संध्याकाळी उलट दिशेने येतो आणि दुपारी गाडी रिकामी दिसते. रिकामी दिसते म्हणून दुपारची फेरी कमी होते. दुपारची फेरी कमी झाली की सकाळी कामाला गेलेल्या बाईला दीड वाजता परतायची खात्री राहत नाही, म्हणून ती सकाळीही शेअर रिक्षा धरते. मग सकाळचे भारमानही घसरते. यात आगाराचा, चालकाचा किंवा वाहकाचा दोष मी धरत नाही. ज्या मापाने त्यांचे काम मोजले जाते त्या मापानुसार ते योग्यच वागतात. ते माप बदलणे त्यांच्या हातात नाही, आपल्या हातात आहे, आणि म्हणून हे पत्र आपल्याला लिहिले आहे.

तिकीट वसूल करण्यालाही किंमत पडते, आणि ती किंमत वेळेची असते. कॉलेज सुटण्याच्या सुमारास जयस्तंभाच्या थांब्यावरून सुटणाऱ्या गाडीत पाच मिनिटे उभे राहून पाहावे. दारापर्यंत मुले भरलेली असतात, वाहक यंत्र सांभाळत माणसांमधून वाट काढत असतो, कोणी पन्नासची नोट पुढे करतो, कोणाचे मोबाइलवरचे पैसे जात नाहीत, कोणी मागून पास दाखवतो तो वाहकाला दिसत नाही. पुढचा टप्पा येईपर्यंत सगळ्यांच्या हातात तिकीट पडायला हवे, कारण तपासणी पथक चढले तर जबाब वाहकाला द्यावा लागतो. म्हणून तो एक बेल मारतो आणि गाडी कडेला उभी राहते, मागे रिक्षा आणि मोटारी हॉर्न वाजवत राहतात, आणि तिकिटे पुरी झाल्यावर डबल बेल होऊन गाडी हलते. एवढ्या लहान अंतराच्या प्रवासात हा थांबा म्हणजे पुष्कळ वेळ. तिकीट नसेल तर तीच गाडी त्याच वेळात अधिक अंतर कापेल. वाहकाची नोकरी जावी असे मला मुळीच म्हणायचे नाही. वृद्धांना चढवणे-उतरवणे, दोन्ही दारांवर लक्ष ठेवणे, कुठल्या थांब्यावर किती माणसे चढली याची नोंद ठेवणे ही कामे वाहकाचीच आहेत आणि आज त्याला ती करायला उसंत मिळत नाही.

तिकीट रकमेने लहान असते, त्यामुळे ते कोणाला अडत असेल असे ज्यांच्या खिशाला ते जाणवत नाही त्यांना वाटत नाही. माझ्या बसमध्ये घरकामाला येणाऱ्या एक बाई असतात. सकाळी त्या मारुती मंदिराकडे चढून येताना तिकीट काढतात आणि दुपारी परतताना चालत जातात. पावसात भिजलेल्या पाहून मी त्यांना एकदा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “येताना उतार असतो, चालत येतंय. चढाला मात्र गाडी लागतेच.” तिकीट दहा रुपये धरले तरी जाऊन-येऊन दिवसाचे वीस होतात, सव्वीस दिवस काम केले तर महिन्याचे पाचशे वीस, आणि घरात शाळेत जाणारे मूल असेल, आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचे असेल, तर ते वेगळे. दोन-तीन घरची धुणीभांडी करून जे हाती पडते त्यातून हे पाचशे वीस बाजूला काढायचे म्हणजे त्या महिन्यात दुसरे काहीतरी राहणार, हे उघड आहे. उतार चालून जायचा आणि चढाला तेवढे पैसे मोजायचे, असा हिशेब या बाईंनी आपल्या गुडघ्यांशी केला आहे. शहराने हा हिशेब त्यांच्यावर सोपवू नये.

प्रवासाचा काही भार सरकारने उचलावा हे तत्त्व महाराष्ट्राने कधीच मान्य केले आहे, त्यात नवे काही नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. विद्यार्थ्यांचे पास, ग्रामीण भागातल्या मुलींचे मोफत पास, दिव्यांगांच्या सवलती त्याआधीपासून आहेत, आणि या सगळ्यांची प्रतिपूर्ती राज्य शासन महामंडळाला करते. परंतु ज्येष्ठांच्या आणि महिलांच्या या दोन्ही सवलती जाहीर करताना शहरी वाहतूक त्यांतून वगळण्यात आली होती. म्हणजे रत्नागिरीहून बोरिवलीला जाणाऱ्या बाईला निम्मे तिकीट, आणि मांडवीहून दवाखान्यात जाणाऱ्या बाईला पूर्ण तिकीट. लांबचा प्रवास वर्षातून चार-दोन वेळा घडतो, जवळचा प्रवास रोजचा असतो. मदत द्यायची तर ती रोजच्या प्रवासाला आधी द्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दवाखान्याचा उल्लेख मुद्दाम केला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. हा फार मोठा निर्णय होता. पण डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा रुग्णालयात जातो, त्याच्याबरोबर घरचे एक माणूस असते, आणि आतले उपचार फुकट असले तरी तिथवर पोचणे फुकट नाही. क्षयरोगाच्या, मधुमेहाच्या, बाळंतपणापूर्वीच्या तपासण्यांचेही तसेच. “पुढच्या आठवड्यात परत या” असे डॉक्टर सहज सांगतात. रुग्ण परत येत नाही त्याची कारणे अनेक असतील, पण त्यांतले एक कारण आपण उद्या सकाळी दूर करू शकतो.

देशातल्या इतर राज्यांनी याबाबत काय केले तेही पाहण्यासारखे आहे. दिल्लीने ऑक्टोबर २०१९ मध्ये बसमधून महिलांचा प्रवास मोफत केला. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत सरकारी साध्या बसगाड्यांतून महिलांना मोफत प्रवास दिला. आपल्या सिंधुदुर्गातून गोवा ओलांडून कारवारला गेले की त्याच किनारपट्टीवर ही सोय दिसते. तेलंगणाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती आणली. पण मला आपल्यासाठी सर्वांत जवळचे उदाहरण तमिळनाडूचे वाटते. तेथे मे २०२१ पासून सरकारी महामंडळांच्या साध्या शहर बसमध्ये महिलांना तिकीट नाही, आणि ही सोय केवळ चेन्नईत नसून नागपट्टिनमसारख्या समुद्रकाठच्या लहान जिल्ह्यांतही आहे. तेथील राज्य नियोजन आयोगाने या योजनेची पाहणी केली तेव्हा एका महिलेचे महिन्याला सरासरी सुमारे ८८८ रुपये वाचत असल्याचे आढळले. हे पैसे गेले कुठे, तर घरखर्चात, मुलांच्या शिक्षणात, औषधांत. ते गावातल्याच दुकानांत खर्च झाले, हे आपल्या व्यापारी मंडळींनीही ध्यानात घ्यावे.

मुंबईचाही अनुभव आहे. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले आणि काही महिन्यांतच रोजचे प्रवासी तीस लाखांच्या वर गेले. मे २०२५ मध्ये ते किमान भाडे दहा रुपये झाले. त्याच वर्षी जानेवारीत एसटीचे भाडेही जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले होते. तोटा झाला की भाडे वाढवायचे, भाडे वाढले की माणसे दुचाकीकडे वळतात, आणि पुन्हा तोटा वाढतो. या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा मार्ग भाड्यात चार-आठ आणे कमी-जास्त करण्यात नाही.

सर्वांसाठी मोफत बस हा प्रयोगही जगाला नवा नाही. बेल्जियममधील हॅसेल्ट हे शहर आपल्याएवढेच, सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचे. तेथे १९९७ मध्ये बस सर्वांसाठी मोफत झाली. आणखी एक मोठा वळणरस्ता बांधण्याचा खर्च परवडणार नाही, त्यापेक्षा बस चालवावी, असा विचार त्यामागे होता. त्यांनी तिकीट बंद करण्याबरोबरच गाड्या आणि फेऱ्या कित्येक पटींनी वाढवल्या, म्हणून प्रवासीही कित्येक पटींनी वाढले. ही योजना सोळा वर्षे चालली आणि वाढता खर्च पेलेना म्हणून २०१३ मध्ये ती बंद झाली. हॅसेल्टचे नाव मोफत बसचे विरोधकही घेतात आणि समर्थकही घेतात. मी त्यातून एवढेच घेते की, खर्चाचा स्रोत पहिल्या दिवशी कायमचा ठरवला नाही तर चांगली योजनाही पुढच्या एखाद्या अंदाजपत्रकात कापली जाते. फ्रान्समधील डंकर्क या बंदराच्या शहराने ते ठरवले होते. त्या देशात शहरातल्या मालकवर्गाकडून पगाराच्या प्रमाणात वाहतुकीसाठी कर घेतला जातो, तिकिटांतून मुळात खर्चाचा एक लहानसा हिस्साच निघत होता, म्हणून सप्टेंबर २०१८ मध्ये तिकीट बंद करणे त्यांना जड गेले नाही, आणि त्यांनी त्याच वेळी मार्गांचीही नव्याने आखणी केली. लक्झेंबर्गने तर २०२० मध्ये देशभरातल्या बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग मोफत केला.

एस्टोनियाच्या टॅलिन शहराबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण या विषयावर बोलताना जाणकार मंडळी त्याचाच दाखला देऊन विरोध करतात. तेथे नागरिकांचे मत घेऊन १ जानेवारी २०१३ पासून शहरातील रहिवाशांना बस मोफत झाली. नंतरच्या पाहण्यांत दिसले की मोटारी फारशा कमी झाल्या नाहीत. जे आधी चालत जात होते त्यांतले पुष्कळसे बसमध्ये चढले. यावरून योजना फसली असा निष्कर्ष काढला जातो. रस्त्यावरची कोंडी कमी करणे हा एकच हेतू असेल तर तो निष्कर्ष बरोबर आहे, आणि म्हणून मोफत बसने राम आळीतली किंवा मारुती मंदिरासमोरची गर्दी ओसरेल असे आश्वासन मी या पत्रात देत नाही. पण वर सांगितलेल्या घरकाम करणाऱ्या बाई उद्या दुपारच्या पावसात चालण्याऐवजी बसमध्ये चढल्या, तर टॅलिनच्या त्या पाहणीच्या भाषेत ते अपयश ठरेल. माझ्या मते योजना त्यासाठीच असावी. मोटारवाला मोटार सोडील तेव्हा सोडील. जो आज नाइलाजाने चालतो आहे त्याला आधी बसायला जागा द्या.

महिलांपुरतीच सवलत का मागत नाही, असे मैत्रिणींनी मला विचारले. महिलांना प्राधान्य हवे यात वाद नाही, आणि सर्वांसाठी करणे शक्य नसेल तर महिलांपासून सुरुवात झाली तरी मी तिचे स्वागत करीन. पण आपल्या शहरापुरते बोलायचे तर वेगवेगळ्या गटांची सवलत आली की ओळखपत्र आले, आधार कार्ड आले, शून्य रुपयांचे तिकीट आले, आणि वाहकाचा सगळा वेळ पुन्हा तपासण्यात जाणार. शिवाय या गावात मिरकरवाड्याच्या बोटींवर काम करणारे नेपाळी खलाशी आहेत, आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी गडी आहेत, घाटावरून आलेले बांधकामावरचे मजूर आहेत. यांतल्या बहुतेकांकडे इथल्या पत्त्याचा कागद नसतो, आणि दुचाकी तर नसतेच. सत्तरीतला, पंच्याहत्तर पुरी न झालेला आजोबाही आहे. रस्त्यावरचा दिवा कोणाकोणावर उजेड पडला हे विचारून लावत नाहीत, तशी ही सेवा सर्वांना सारखी असावी.

आता पैशांचे. पहिली गोष्ट म्हणजे नव्याने भरून काढायची रक्कम दिसते त्यापेक्षा लहान आहे. शहर बसमधल्या पासधारक विद्यार्थ्यांचा आणि सवलतपात्र उतारूंचा भार शासन आजही उचलते आहे, आणि तिकिटातून न भागणारा खर्चही आज कोणीतरी सोसतोच आहे. उरते ती पूर्ण तिकीट काढून बसणाऱ्यांकडून जमा होणारी रक्कम. विभाग नियंत्रकांना माझी विनंती आहे की, गेल्या आर्थिक वर्षात शहर बसच्या प्रत्येक मार्गावर ही रक्कम किती जमा झाली, किती किलोमीटर नियोजित होते आणि त्यांपैकी किती धावले, हे तीन आकडे मार्गनिहाय जाहीर करावेत. मोफत बस परवडते की नाही हा वाद त्या कागदाशिवाय निरर्थक आहे.

दुसरी गोष्ट, किलोमीटरमागे पैसे देण्याची पद्धत केंद्र सरकारनेच स्वीकारलेली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत दहा हजार विजेवरच्या गाड्यांसाठी शहरांना मिळणारे चालवण्याचे साहाय्य धावलेल्या किलोमीटरवरच मोजले जाते. ती योजना मुख्यतः तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी असल्याने रत्नागिरीसारखी गावे तिच्याबाहेर राहिली. योजना आपल्याला लागू नसली तरी तिची पद्धत उचलायला कोणाची हरकत नसावी. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी धावली तर महामंडळाला ठरलेला दर मिळावा, फेरी रद्द झाली तर मिळू नये, आणि हे मोजण्यासाठी गाडीवरची जीपीएस नोंद ग्राह्य धरावी. असे झाले की दुपारची रिकामी दिसणारी फेरी चालवण्यात आगाराला तोटा राहणार नाही.

तिसरी गोष्ट स्रोताची. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे देता येतील अशी अठरा कामे आहेत; त्यांत बसथांबे आहेत, बससेवा नाही. म्हणजे थांबा नगर परिषदेचा, गाडी महामंडळाची, आणि प्रवासी निम्मा ग्रामपंचायत हद्दीतला. या तिघांना एका टेबलावर बसवणारी जागा त्याच घटनादुरुस्तीने दिली आहे, ती म्हणजे जिल्हा नियोजन समिती. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक बाबींचा विचार करणे हे तिच्या कामातच येते. शहर बससाठी तिने वेगळे लेखाशीर्ष उघडावे, त्यात समितीने, नगर परिषदेने आणि ज्या ग्रामपंचायतींत बस जाते त्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटा टाकावा, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडून कामगारांच्या संख्येनुसार वर्गणी मागावी, आणि बाजारपेठेत, समुद्रकिनाऱ्यांवर पर्यटकांच्या मोटारींकडून वाहनतळाचे शुल्क घेऊन तेही त्यातच जमा करावे.

पुढे जाऊन राज्य पातळीवर आणखी एक वाट आहे. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर सुरू केला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून. पगारदार माणसाच्या वेतनातून दरमहा दोनशे रुपये कापले जातात ते याच कराचे. दुष्काळातल्या मजुराला काम मिळावे म्हणून शहरातल्या नोकरदाराने आपल्या पगारातून वाटा द्यावा, हा विचार या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी केला आणि तो देशाला पुढे मार्गदर्शक ठरला. लहान शहरांच्या बससाठी असाच राखीव वाटा मागायला आपल्या आमदारांनी संकोच करू नये. मी स्वतः तो कर भरते, आणि त्यात थोडी भर पडून बस वेळेवर येणार असेल तर मी ती आनंदाने देईन.

आक्षेपांपैकी दोन मला गंभीर वाटतात. पहिला प्रतिपूर्तीचा. सवलती जाहीर करायच्या आणि महामंडळाचे पैसे थकवायचे, हा प्रकार एकट्या महाराष्ट्रातला नाही. कर्नाटकातही अशी थकबाकी हा सतत चर्चेचा विषय राहिला आहे. म्हणून पैसे तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ जमा व्हावेत, मागाहून मागणीपत्रावर नव्हे, ही अट करारातच असावी. दुसरा आक्षेप रिक्षाव्यवसायाचा, आणि तो टाळून चालणार नाही. मुख्य रस्त्यावर शेअर सीट भरणाऱ्यांचे उत्पन्न घटेल, हे खरे आहे. कर्ज काढून परवान्याची रिक्षा घेतलेला माणूस काही श्रीमंत नसतो. पण बस जिथे जात नाही त्या वाड्या, पहाटेच्या आणि रात्रीच्या रेल्वेगाड्या, सामान घेऊन आलेले चाकरमानी, हे काम रिक्षाचेच राहणार आहे. निर्णय घेण्यापूर्वी रिक्षा संघटनांना बोलवावे आणि कोणत्या थांब्यांवर बसला जोडून रिक्षा उभ्या राहतील हे त्यांच्याबरोबर बसून ठरवावे. त्यांना निर्णय वर्तमानपत्रात वाचायला लागू नये.

“फुकटची किंमत नसते, टवाळ पोरे दिवसभर फिरत बसतील,” हेही ऐकू येते. ज्यांना असे वाटते त्यांनी शहर बसने आठ दिवस प्रवास करून पाहावा.

एवढे सगळे एकदम करण्याइतका पैसा पहिल्या वर्षी उभा राहणार नसेल, तर माझा क्रम स्पष्ट आहे: फेऱ्या आधी वाढवाव्यात, तिकीट नंतर बंद करावे. सकाळी सहा ते रात्री नऊ या वेळेत मुख्य मार्गावर पंधरा मिनिटांनी आणि गावांच्या मार्गांवर अर्ध्या तासाने गाडी मिळेल असे वेळापत्रक आधी पाळून दाखवावे, थांब्यांवर ते मराठीत ठळक लावावे, आणि तीन महिने ते पाळले गेल्यावर तिकीट बंद करावे. प्रयोग एखाद-दुसऱ्या मार्गावर करू नये. एका मार्गावर मोफत आणि दुसऱ्यावर तिकीट असले की बदलीच्या गाडीला पैसे लागतात, आणि जिला दोन गाड्या बदलाव्या लागतात तिचाच तोटा होतो. सुरुवात जूनमध्ये शाळा उघडताना व्हावी, म्हणजे पावसाळा, गणपती, परीक्षा आणि आंब्याचा हंगाम असे पूर्ण वर्ष हाताशी येईल. दर तीन महिन्यांनी धावलेले किलोमीटर, रद्द फेऱ्या आणि चढलेले प्रवासी यांचे आकडे नगर परिषदेच्या सभेत वाचून दाखवावेत.

जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘रत्नागिरी शहर बस: निःशुल्क सेवा व किलोमीटरनिहाय खर्च’ हा विषय घ्यावा आणि त्यापूर्वी वर मागितलेले मार्गनिहाय आकडे प्रसिद्ध करावेत, अशी आपल्या सर्वांना नम्र विनंती आहे. आकडे जुळवून अंदाजपत्रकाचा मसुदा तयार करण्याच्या कामात माझ्यासारख्या प्रवाशांची मदत लागली, तर सुट्टीच्या दिवशी येऊन बसायची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
नाचणे येथील एक प्रवासी